काटा तळव्यात, मग गाठ जांघेत का?

(शरीरातील लसीकामार्गाविषयी एक पाठ)



कांदे काढणीच्या दिवसांतील गोष्ट आहे. चांदवडच्या बाजूस एका वस्तीवर मी भेटीस गेलो असता एक बाई आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास घेऊन पुढे आली. मुलाच्या तळपायात तीन दिवसांपूर्वी बाभळीचा काटा मोडला होता. तो सुईने काढून वर हळद भरली होती. परंतु आता त्याच पायाच्या जांघेत सुपारीएवढी गाठ आली होती आणि तीस तो हात लावू देईना. बाईने विचारले, "पाळकसाहेब, काटा मोडला तळव्यात, अन् गाठ आली जांघेत, हे कसं?"

मी म्हणालो, "ताई, पायाच्या नसा जांघेतून जातात, म्हणून तसे होते. दोन दिवसांत उतरेल." हे मी मोठ्या खात्रीने सांगितले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ गाठीवर बिब्ब्याचा डाग द्यावा म्हणत होते, त्यांस मी मना केले, एवढे मात्र बरे झाले.

दोन दिवसांनी सकाळी निरोप आला की, मुलास थंडी वाजून ताप भरला आहे आणि घोट्यापासून मांडीपर्यंत एक तांबडी रेघ उमटली आहे. त्यास तत्काळ दवाखान्यात नेले. तेथे पाच दिवस औषधे शिरेतून द्यावी लागली व पायाच्या जखमेतील पू काढावा लागला. मुलगा बरा झाला. परंतु डॉक्टरांनी मला बाजूस घेऊन सांगितले, "ही रेघ वर चढत असता अजून एक दिवस घरी राहिला असता, तर विष रक्तात उतरले असते." त्या बाईच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसता मी धीर दिला होता. ते उत्तर मी मागून डॉक्टरांस विचारून व पुस्तके पाहून समजून घेतले. तेच ह्या पाठात मांडीत आहे.

१. रक्तातून पाझरणारे पाणी

गुडघा खरचटला म्हणजे आरंभी रक्त येते. ते थांबल्यावर थोड्या वेळाने जखमेवर पांढुरके व किंचित चिकट पाणी जमते. त्यास आपण लस म्हणतो. हे पाणी मुख्यत्वे रक्तातीलच पातळ भाग होय. जखम नसतानाही तो सर्व शरीरात रात्रंदिवस पाझरत असतो.

हृदयातून निघालेले रक्त रोहिण्यांतून जाते, त्यांच्या फाटे फुटत फुटत केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या होतात, आणि पुढे त्या एकत्र मिळून नीला, म्हणजे परतीच्या शिरा, बनतात. केशवाहिन्यांची भिंत इतकी पातळ असते की तीतून पाणी, क्षार, साखर व थोडी प्रथिने बाहेर झिरपतात. शरीरातील प्रत्येक पेशी ह्या पाण्यात असते. त्यातून आपले अन्न घेते व त्यातच आपला मळ टाकते. ढोबळ हिशेबाने प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे २० लिटर पाणी असे बाहेर पडते. त्यातील सुमारे १७ लिटर रक्तात परत जाते. उरलेले सुमारे ३ लिटर मात्र बाहेरच राहते, आणि बाहेर पडलेली प्रथिनेही त्याबरोबरच राहतात.

आता हे लक्षात घ्यावे की, आपल्या रक्तातील पातळ भाग एकंदर सुमारे ३ लिटरच असतो. म्हणजे हे उरलेले पाणी परत आणणारी दुसरी वाट नसती, तर एका दिवसातच शिरा रित्या पडू लागल्या असत्या व मांस पाण्याने फुगले असते. आपल्या शेतकरी वाचकांस ह्याचे उदाहरण देण्याचे कारण नाही. पाटाचे पाणी रानास मिळालेच पाहिजे. परंतु जास्त झालेले पाणी वाहून नेण्यास चर नसेल, तर चांगली जमीनही चिबड होते. शरीराच्या रानात असे चर सर्वत्र खणलेले आहेत. त्यांस लसीकावाहिन्या म्हणतात, व त्यांतून वाहणाऱ्या पाण्यास लसीका म्हणतात.

२. परतीची वाट

लसीकावाहिनीचा आरंभ मांसात, बंद टोकाच्या एका सूक्ष्म नळीने होतो. तिच्या भिंतीतील पेशी एकमेकींवर कौलांप्रमाणे किंचित चढलेल्या असतात. बाहेरील पाणी आत शिरते, आतील बाहेर येत नाही. अशा नळ्या मिळून मोठ्या वाहिन्या होतात, व त्यांत जागोजाग झडपा असतात, त्यामुळे लसीका एकाच दिशेने, म्हणजे छातीकडे, जाते.

रक्तास ढकलण्यास हृदय आहे. लसीकेस तसे हृदय नाही. वाहिन्या स्वतः हळूहळू आकुंचन पावतात, आणि चालताना आवळणारे स्नायू व आत-बाहेर होणारा श्वास ह्यांचे त्यास साहाय्य होते. रात्रभर मोटारीत पाय लोंबते ठेवून बसल्यास पावले जड होतात व चप्पल घट्ट लागते, ह्याचे एक कारण हेच. चार पावले चालले की सूज उतरते.

दोन्ही पाय, पोट, डावा हात आणि छातीची व डोक्याची डावी बाजू ह्यांची लसीका कण्याच्या पुढून वर जाणाऱ्या एका मोठ्या वाहिनीत येते. ही सुमारे हातभर लांब असून डाव्या बाजूस मानेच्या पायथ्याशी मोठ्या शिरेत उघडते. उजवा हात आणि छातीची व डोक्याची उजवी बाजू ह्यांची लसीका त्याचप्रमाणे उजवीकडे रक्तात मिळते. म्हणजे तळपायातून निघालेला थेंब जांघ, पोट व छाती ओलांडून गळ्याजवळ पुन्हा रक्तात पडतो.

ह्या वाहिन्यांतील लसीका बहुधा पाण्यासारखी स्वच्छ असल्याने त्या सहज दिसत नाहीत. इटली देशातील गास्पारे आसेल्ली नावाच्या वैद्याने १६२२ साली नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले असता आतड्यांच्या पडद्यावर पांढरे दोरे दिसले. त्यास ते मज्जातंतू वाटले. पण एक कापताच दुधासारखा रस बाहेर आला. अन्नातील तेल-तूप हे आतड्यांतून लागलीच रक्तात न जाता ह्याच वाहिन्यांतून जाते, म्हणून जेवणानंतर त्या पांढऱ्या दिसतात. पुढे १६५१ साली फ्रान्सच्या झां पेके ह्याने छातीतील मोठ्या वाहिनीचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यानंतर लवकरच स्वीडनचा ओलाउस रुडबेक व डेन्मार्कचा टॉमस बार्टोलिन ह्यांनी सर्व शरीरातील वाहिन्या दाखविल्या. शोध अद्याप संपलेला नाही. मेंदूस अशा वाहिन्या नाहीत असे पुस्तकांत लिहिलेले असे. परंतु २०१५ साली उंदरांच्या मेंदूवरील आवरणात त्या आढळल्या, व नंतर माणसातही दिसून आल्या.

३. वाटेवरच्या चौक्या

चर नुसते पाणी नेतो. लसीकावाहिनी त्याखेरीज आणखी एक काम करते. जखमेतून शिरलेले जंतू त्याच पाण्याबरोबर आत ओढले जातात. ते तसेच रक्तात जाऊन पडले, तर साध्या काट्यानेही माणूस मरेल. म्हणून वाटेवर चौक्या आहेत. त्यांस लसीकाग्रंथी म्हणतात. त्या मसुराएवढ्या ते घेवड्याच्या दाण्याएवढ्या असून सर्व शरीरात पाचशेच्या वर आहेत. जांघ, काख, मान ह्या ठिकाणी त्या त्वचेखाली दाटीने असतात. पोटात व छातीतही पुष्कळ आहेत.

आमचा चांदवडचा किल्ला कोठे बांधला आहे पाहा. खानदेशातून गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरणारी वाट जेथे डोंगरातून जाते, तेथेच तो उभा आहे. सगळ्या डोंगरावर पहारा ठेवणे शक्य नव्हते; घाट राखला की पुरे. हातापायांची वाट धडात शिरते ती काखेतून व जांघेतून, आणि डोक्याची मानेतून; म्हणून बंदोबस्तही तेथेच अधिक.

ग्रंथीत लसीका बारीक जाळ्यातून गाळली जाते. तेथील मोठ्या पेशी जंतूंस गिळून टाकतात. जखमेजवळच्या काही पेशी जंतूंचे तुकडे घेऊन ग्रंथीपर्यंत येतात व ते तेथील पांढऱ्या पेशींस दाखवितात. ज्या पेशीस त्या जंतूची ओळख पटते, ती झपाट्याने वाढू लागते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे करीत थोड्या दिवसांत हजारो होतात. काही स्वतः लढतात, काही जंतूंस चिकटणारी प्रतिद्रव्ये तयार करून रक्तात सोडतात. एवढी फौज एका दाण्याएवढ्या जागेत जमली म्हणजे ती जागा फुगते, ताणते व दुखते. हीच ती जांघेतील गाठ. कोठे कोठे हिला अवधाण असेही म्हणतात.

ह्यावरून त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. काटा तळव्यात मोडला. जंतू लसीकेबरोबर वर आले. जांघेच्या चौकीवर त्यांस अडविण्यात आले. गाठ ही रोगाची मुळी नव्हती. ती डागल्याने किंवा फोडल्याने पहारेकरीच जखमी होतात, आणि चोर मात्र तळव्यातच राहतो.

आणि ती तांबडी रेघ? जंतू प्रबळ होऊन लसीकावाहिनीच सुजली म्हणजे त्वचेवर तिची वाट तांबडी दिसू लागते. हे लक्षण मी पूर्वी ऐकलेही नव्हते. ते दिसले की घरी थांबावयाचे नसते.

४. गाठ कोठे, त्यावरून जखम कोठे

प्रत्येक चौकीस आपापला मुलूख नेमून दिलेला आहे. जांघेत गाठ आल्यास पाय, नितंब व गुह्य भाग पाहावे. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यासुद्धा पाहाव्या. काखेत आल्यास हात, छातीची ती बाजू व स्तन पाहावे. जबड्याखाली आल्यास दात, हिरड्या व घसा पाहावा. कानामागे किंवा मानेच्या मागील बाजूस लहान मुलांस गाठी आल्यास केसांत उवा, खरूज किंवा फोड आहेत काय ते पाहावे. पुष्कळदा मूळ तेथेच सापडते, आणि ते बरे झाले की गाठ दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरते.

दंडावर लस टोचल्यावर काखेत थोडी गाठ येऊन दुखते, तिचेही कारण हेच. आपल्या देशात देवीची लस पहिल्याने मुंबईस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. त्या काळी एकाच्या हातावरील फोडातील लस काढून दुसऱ्याच्या हातावर टोचीत. आज रीत निराळी आहे, परंतु हेतू तोच: निरुपद्रवी अशा वस्तूवरून शत्रूची ओळख चौकीस आधीच करून द्यावयाची.

५. चौकी पडते तेव्हा

कधी कधी शत्रू चौकीहून बलवान असतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ताप व जांघेत मोठी गाठ असलेले रोगी गोव्यात जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगास ह्यांनी पाहिले व हा प्लेग आहे असे ओळखले. लोकांनी त्यास गाठीचा ताप असे नाव दिले. उंदरावरील पिसू चावून जंतू शरीरात शिरतो व जवळच्या ग्रंथीत जातो. पिसू बहुधा पायास चावते, म्हणून गाठही बहुधा जांघेत येई. हा जंतू पांढऱ्या पेशींसही दाद देत नाही. तो ग्रंथीतच वाढतो व तेथून रक्तात उतरतो. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले ह्यांस हाच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या तापाचा संशय आला, तेव्हा पुष्कळांस जुनी भीती आठवली. आता ह्या रोगावर गुणकारी औषधे आहेत, परंतु ती लवकर मिळाली पाहिजेत.

दुसरा शत्रू सावकाश येतो. मानेवर एकामागून एक गाठी येतात, फारशा दुखत नाहीत, एकमेकींस चिकटतात, कधी फुटून वाहू लागतात. ही गंडमाळा होय. ती बहुतेक क्षयाच्या जंतूंनी होते, जो जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ साली दाखविला. गंडमाळा झालेल्या मुलीचे लग्न मोडलेले आपण पाहिले असेल. वाचकांनी हे निश्चित समजावे की, हा कुळाचा दोष नव्हे. आणि क्षय केवळ ग्रंथीतच असेल, फुप्फुसात नसेल, तर शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो दुसऱ्यास होत नाही. सुईने गाठीतील थोडा अंश काढून परीक्षा करतात. औषध बहुधा सहा महिने घ्यावे लागते व ते सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडू नये.

६. वाट बुजते तेव्हा

तिसरा प्रकार हत्तीपायाचा. सुश्रुतसंहितेत ह्यास श्लीपद म्हटले आहे, व जुने पाणी साचून राहते अशा थंड प्रदेशांत तो विशेषेकरून होतो असे सांगितले आहे. साचलेल्या पाण्याचा संबंध काय, हे पुष्कळ शतकांनी उलगडले. १८७२ साली कलकत्त्यास टिमथी लुइस ह्यांनी माणसाच्या रक्तात सूक्ष्म जंत पाहिले, आणि १८७७ साली चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन ह्यांनी तेच जंत डासाच्या पोटात वाढताना दाखविले. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हे जंत एकापासून दुसऱ्याकडे नेतो. दोऱ्यासारखे प्रौढ जंत लसीकावाहिन्यांत कित्येक वर्षे राहतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, आणि पाय चिबड रानासारखा होतो. त्यावर बेचक्यांतून वारंवार दुसरे जंतू शिरून ताप येतो, व प्रत्येक तापाबरोबर पाय अधिक जाड होतो.

आपल्या राज्यात हा रोग विशेषतः पूर्व विदर्भात, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया व नागपूर ह्या भागांत, आढळत आला आहे. अशा भागांत सरकारकडून सर्वांस एकाच वेळी गोळ्या खावयास देतात. निरोगी दिसणाऱ्याच्या रक्तातही सूक्ष्म जंत असू शकतात, म्हणून मला काही झालेले नाही असे म्हणून गोळी टाळू नये. ज्याचा पाय आधीच सुजला आहे, त्याने तो रोज साबण-पाण्याने धुवावा, बेचक्या कोरड्या कराव्या, बसताना पाय उंच ठेवावा व घोटा हालवीत राहावे. पाय पूर्ववत् होईलच असे नाही, परंतु तापाचे फेरे कमी होतात आणि माणूस कामास लागतो. ह्या रोग्यास शापित म्हणून दूर बसविणाऱ्यांनी एका डासाचा दोष माणसावर घातला आहे.

७. काय करावे

काटा, विळा किंवा खिळा लागल्यास जखम लागलीच स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे की काय ते दवाखान्यात विचारावे. जवळ गाठ आल्यास त्या हातास किंवा पायास विसावा द्यावा. गाठ चोळू नये, दाबू नये, फोडू नये. तीवर बिब्बा, चुना-गूळ किंवा तापलेले लोखंड लावू नये.

तांबडी रेघ वर चढत असेल, थंडी वाजून ताप आला असेल, किंवा गाठ लाल, गरम व फार दुखरी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गाठ दुखत नाही पण दोन-तीन आठवड्यांत कमीही होत नाही, टणक आहे, वाढत आहे, किंवा तिच्याबरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम व अंग रोडावणे आहे, तर डॉक्टरांकडून परीक्षा करवून घ्यावी. काखेतील न दुखणारी गाठ बायांनी लाजेने लपवू नये, कारण स्तनाचा कर्करोग पुष्कळदा त्याच चौकीवर प्रथम येतो. गळ्याच्या आडव्या हाडाच्या वर आलेली गाठही अशीच. ती छातीतील किंवा पोटातील रोगाची खूण असू शकते. दुखणारी गाठ माणसास दवाखान्यात नेतेच. न दुखणारी घरी राहते, म्हणून तिच्याविषयी अधिक सावध असावे.

पुढे पावसाळ्यात त्या वस्तीवर पुन्हा जाणे झाले. मुलगा नांगरामागे होता. पायात जोडा होता. मी त्या बाईस पाट, चर व चौकी ह्यांचे दृष्टान्त देऊन तिच्या प्रश्नाचे उत्तर सांगितले. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले व म्हणाली, "हे ध्यानात येतं. पण पाळकसाहेब, त्या दिवशीच असं का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही एवढे तरी तुम्हांस सांगावयास हवे होते."

उजळणीसाठी प्रश्न

१. रक्तातून बाहेर पडलेले सर्व पाणी शिरांत परत जात नाही. उरलेल्याचे काय होते?

२. लसीकेस हृदय नसता ती वर कशी चढते?

३. डाव्या हाताच्या बोटास जखम झाली, तर गाठ कोठे पाहाल?

४. कोणत्या खुणा दिसल्यास त्याच दिवशी दवाखान्यात जावे?

५. आपल्या गावात गंडमाळा किंवा हत्तीपाय झालेल्या कोणास आपण दूर ठेवले आहे काय?